रामूशेठांचे हात

उमेळे,
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय हरेशदादास नमस्कार.

शुक्रवारी सकाळी गावदेवीला दिवा लावला आणि घरी न जाता सरळ मी चित्रं काढतो त्या कोठारात आलो. तू पाठवलेला फोटो पाकिटातून काढला, खिडकीशी नेला आणि भिंग घेऊन बराच वेळ पाहत बसलो. मिठागरावरची माणसं आहेत. मागे मिठाचे ढीग, पुढे फावडी. तुझे आजोबा रामू एका कडेला उकिडवे बसलेत. अंगावर लंगोटी, बाकी उघडे. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा आलाय. पण चेहरा चांगला आहे दादा. उन्हाने डोळे बारीक झालेत आणि फोटो काढणाऱ्याने काहीतरी गंमत केली असावी, कारण ओठ हसण्याच्या बेतात आहेत.

चेहरा मोठा करून घेईन. पण गळ्याखालचं काय करायचं? तुला माणसाएवढं तैलचित्र हवंय. पागोटं, उपरणं, कोरीव खुर्ची आणि हातात गावदेवीच्या पालखीची चांदीची काठी. पागोटं-उपरण्याची चिंता नाही. आमचे विरारचे मास्तर तरुणपणी एका संस्थानिकाच्या दिवाणखान्यातली चित्रं दुरुस्त करायला जात. माणूस बसवायचा कसा, त्याची नजर कुठे ठेवायची, हे त्यांनीच मला शिकवलं.

अडतं ते काठीपाशी. काठी असते खालच्या पाड्यात, धोंडूकाकीच्या घरी. पालखीपुढे ती धरायची आणि जत्रेचा पहिला नारळ फोडायचा, हा मान त्या घराचा. मी लहानपणापासून काकीच्या नवऱ्याच्या, नथूकाकांच्या, हातातच ती पाहिली. ते गेल्यावर त्यांचा मुलगा संकेत धरतो. तुझ्या आजोबांनी ती कधी धरली होती का? मला माहीत नसलेलं काही असेल तर कळव.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिलं.

तुझा मावसभाऊ,
कृष्णा

---

नायगाव,
२४ ऑक्टोबर २०२४

कृष्णा,

तुझ्या बहिरेपणापायी शाळेनंतर पहिल्यांदा हातात पेन धरतोय. ड्रायव्हर भूपेश पत्र आणून देईल, उत्तर त्याच्याच हातात देत जा. मलाही हल्ली मोबाईलवर काही लिहून ठेवायला आवडत नाही.

लंगोटी, उकिडवे, हे शब्द पुन्हा लिहायचे नाहीत. आजोबा मिठागरावर होते म्हणजे देखरेखीला होते. उकिडवं बसून देखरेख करता येत नाही असं कुठे लिहिलंय?

काठीचं काय घेऊन बसलास? शोभेला आहे ती. नवरदेवाच्या हातात तलवार देतात, तो काय लढाईला निघालेला असतो? भूपेशच्या वरातीत ती तलवार घोडीच्या पायावर पडली आणि घोडी याला घेऊन थेट स्टेशनला पोचली. तलवारीचा उपयोग तेवढाच.

देवळाचा नवा सभामंडप मी बांधला. संगमरवर माझा, पंखे माझे. एका भिंतीवर आमचा म्हातारा नको? टॉवरमधली माणसं दर्शनाला येतात, विचारतात, इथलं जुनं घराणं कोणतं? त्यांना काय दाखवू? गाडीची नंबर प्लेट?

मनाली म्हणते खुर्चीच्या हातांना सिंहाची तोंडं हवीत. बायकोचं ऐकावं लागतं, घाल.

आणि बघ, चित्र असं हवं, की देवळात शिरताना माणसाने चपला काढलेल्या असल्या तरी आजोबांसमोर आला की पुन्हा एकदा पायाकडे हात जावा.

हरेश

---

उमेळे,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय हरेशदादा,

मेलेल्या माणसाला अंग द्यायचं तर जिवंतपणी कुणीतरी तसं बसलेलं असावं लागतं. मला एकच बैठक आठवली. जत्रेनंतर देवळाच्या कट्ट्यावर बसलेले नथूकाका, पाय जमिनीवर घट्ट, काठी उभी धरलेली. तो फोटो काकीच्या ओटीवर टांगलेला आहे. तो मागायला काल खालच्या पाड्यात गेलो.

"काकी, काकांचा जत्रेतला फोटो हवा होता. देवळात चित्र लावायचंय."

"कोन लावतंय?"

"हरेशदादा."

काकी तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "हरेशनं आमच्यांचं चित्र लावायचं ठरवलं? मेल्याला उशिरानं का होईना, अक्कल आली म्हनायची."

मग तिला थांबवणं कठीण झालं. फोटो भिंतीवरून काढून काच पदराने पुसली. माळ्यावरून काठी काढायला लावली, चिंचेने घासून लखलखीत केली आणि माझ्यासमोर धरून बसली. "नीट बगून घे. नि हात चांगले काड हां कृष्णा. त्यांचा अंगठा वाकडा व्हता, कोयता लागलेला. कोन म्हनेल चित्रकाराला हात जमला नाय." मग स्वतःच हसली आणि सुनेला म्हणाली, "स्वप्ना, ह्याला चहा दे, साखर जास्त घाल. आज चांगल्या कामाला आलाय."

मी चहा प्यालो. फोटो घेऊन आलो. चित्र तिच्या नवऱ्याचं नाही, हे सांगितलं नाही. खोटं बोललो नाही असं वाटेवर मनाला समजावत होतो, पण घर येईपर्यंत ते टिकलं नाही.

उद्या जाऊन सांगू का? तू म्हणशील तर तूही बरोबर ये.

कृष्णा

---

नायगाव,
२० नोव्हेंबर २०२४

कृष्णा,

मुळीच जायचं नाही. म्हातारी दोन महिने आनंदात राहील, तुझं काय जातंय? तू देवाधर्माचा माणूस. कुणाचं सुख हिरावून घेऊ नये, एवढं तरी गावदेवीने शिकवलं असेल.

आता नीट वाच. चित्र नवंकोरं दिसता कामा नये. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पडलं होतं, साफसफाईत सापडलं, असं दिसायला हवं. तुझे ते मास्तर जुनी चित्रं नवी करायचे ना? तू नवं जुनं कर. तेवढाच फरक.

आणि ओठ हसरे ठेवू नकोस. मालक हसत नाही.

हरेश

---

उमेळे,
१९ जानेवारी २०२५

प्रिय हरेशदादा,

चित्र झालं. भूपेशबरोबर टेम्पो पाठव आणि दोन माणसं.

तू विचारलंस म्हणून काय केलंय ते लिहितो. पाहणाऱ्याचे डोळे चित्रातल्या गुडघ्यांच्या रेषेत येतील, अशी सगळी आखणी केली आहे. म्हणजे समोर उभा राहिलेला कितीही उंच असो, त्याला वर पाहावं लागेल आणि वर पाहणारा नकळत आवाज खाली आणतो. नजर पाहणाऱ्याकडे दिलेली नाही. ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाते, जणू मागे कुणीतरी जास्त महत्त्वाचं उभं आहे. मागे खाडीपर्यंत भातशेती दाखवली आहे, आणि क्षितिज इतकं खाली धरलंय की ते सगळं शिवार आजोबांच्या कोपराखाली येतं. कपाळावर उजेड आहे, पायांशी अंधार. ओठ मिटवले. ते मिटवायला मला सगळ्यांत जास्त दिवस लागले, पुन्हा पुन्हा हसायचे.

हात जसे नथूकाकांच्या फोटोत होते तसेच काढलेत. हात मला बदलता येत नाहीत.

वॉर्निशमध्ये तपकिरी रंग घालून वरून हात फिरवला आहे आणि दिव्याच्या उष्णतेने जागोजाग भेगा पाडल्या आहेत. तू सांगितलंस म्हणून केलं. हे खरं उत्तर आहे आणि चांगलं नाही, हे मला कळतं.

काम चालू असताना रोज सकाळी देवीपुढे उभा राहायचो. आपली देवी म्हणजे नुसता तांदळा. शेंदूर फासलेला दगड. खुर्ची नाही, काठी नाही, नाकडोळेसुद्धा धड नाहीत आणि सगळा पाडा तिच्यापुढे वाकतो. माणसाला मात्र मोठं करायला किती काय काय लागतं. हे तुला उगाच लिहिलं.

संक्रांतीला भेटलास तेव्हा, काकीला मीच आधी सांगतो, असं म्हणाला होतास. मंडपाच्या उद्घाटनाआधी सांग, एवढी विनंती.

कृष्णा

---

नायगाव,
५ फेब्रुवारी २०२५

कृष्णा,

तुला येऊ नकोस म्हणालो तेच बरं झालं. चित्रकार शेजारी उभा असता तर मजा गेली असती.

काय काढलंयस रे! पडदा सरकला आणि टॉवरमधल्या बायकांनी हातच जोडले. एक म्हणते, "ये कौन से महाराज हैं?" मी म्हणालो, महाराज नाहीत हो, माझे आजोबा रामूशेठ. या गावचे पिढीजात मानकरी. ऐंशी वर्षांपूर्वीचं चित्र, मुंबईहून गोरा चित्रकार होडीने आला होता. होडी मला आयत्या वेळी सुचली. तीच सगळ्यांना जास्त आवडली.

आता ऐक गंमत. तुझी धोंडूकाकी आली. नवं लुगडं, हातात मोगऱ्याचा एवढा मोठा हार. मी म्हणालो, "काकी, हार कुणाला?" म्हणते, "आमच्यांना." सगळ्यांनी वाट करून दिली. ती पुढे गेली, तोंड बघितलं, मग हात बघितले. मग पुन्हा तोंड. आणि केवढ्याने ओरडली, "हात आमच्यांचे हायेत! अंगठा बगा, कोयत्याचा! तोंड कोनाचं चिकटवलंय?"

मी शांतपणे म्हणालो, "काकी, वय झालं तुमचं. आता तुम्हाला सगळ्यांचेच हात नथूकाकांचे दिसणार." असा हशा झाला! बायका तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हातारी वेड्यासारखी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. संकेतने दंडाला धरून बाहेर नेली. हार तिच्या हातात होता, तो मनालीने काढून घेतला आणि आजोबांना घातला. चांगला शोभला.

आणि आपल्या पाड्यातले म्हातारे? एकाने तोंड उघडलं नाही. त्यांना काय माहीत नाही? सगळं माहीत आहे. पण भिंतीवर एवढा मोठा माणूस बसल्यावर कोण कशाला बोलेल? त्यांना एक सबब हवी होती, ती तू दिलीस.

संकेतला माझ्या साईटवर सुपरवायझर म्हणून घेतलंय. हुशार आहे पोरगा.

हरेश

---

उमेळे,
९ फेब्रुवारी २०२५

हरेशदादा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस कोठार उघडलं नाही.

काठी शोभेची, असं तू म्हणाला होतास. काकीला आधी सांगतो, असंही म्हणाला होतास.

एक दिवस दे मला. देवळात येऊन काठी काढून टाकतो, तिथे उपरण्याचा पदर रंगवतो. हातही झाकतो. बाकी तुझे आजोबा राहू देत तिथेच. कुणाला कळणार नाही.

कृष्णा

---

नायगाव,
२८ मार्च २०२५

कृष्णा,

उत्तर द्यायला वेळ नव्हता. आता सगळं पक्कं झालं म्हणून लिहितो.

देवळाच्या मंडळाची बैठक झाली. यंदा चैत्री पौर्णिमेला काठी माझ्या हातात. पहिला नारळ माझा. पालखी नाक्यावरून वळून पहिल्यांदा आमच्या जुन्या घरी येणार. कुणीतरी हळूच म्हणालं, हा मान नथूच्या घराचा. तर टॉवरच्या सोसायटीचा सेक्रेटरी बोट वर करून म्हणतो, "पण चित्रात तर काठी रामूशेठांच्या हातात आहे ना?" संपला विषय. मला तोंड उघडावंच लागलं नाही.

काठी संकेतने स्वतः घरातून आणून दिली. आई झोपली होती म्हणाला.

तू चित्राला बोट लावायचं नाही. तुझं कोठार कुणाच्या जमिनीवर उभं आहे, ते तुझ्या कानात ओरडून सांगायची वेळ आणू नकोस. तुला उशिरा ऐकू येतं, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

जत्रेला ये. प्रसाद घेऊन जा.

हरेश

---

खालचा पाडा,
१६ एप्रिल २०२५

कृष्णाकाकांना नमस्कार.

मी स्वप्ना, संकेत यांची पत्नी. सासूबाई सांगतात ते तसंच लिहिते. त्या म्हणाल्या, एक शब्द बदलायचा नाही.

"कृष्णा, पुनवेला मी अंगन सारवलं. रांगोळी काडली, पाट मांडला, पान-सुपारीचं ताट घेऊन दारात बसले. मला वाटलं, देवी इसरायची नाय. मानसं इसरतील. ढोल ऐकू आले. पालखी नाक्यापर्यंत आली, गुलाल दिसला मला. मंग वळली.

"पालखी खांद्यावर कोन घेतलेला म्हाईत हाय? माझा संकेत. नवा फेटा बांधून. त्यानं हिकडं बगितलं बी नाय. मी ताट घेऊन बसलेली तशीच. शेजारची पोरं बगत व्हती, एक म्हनतो, 'आजी, ते सुपारी आमाला दे, खातो.' दिली त्याला.

"हरेशला मी काय बोलनार नाय. तो जन्माचा तसाच. पन त्याचा आजा रामू तसा नव्हता. मिठाच्या पाट्या व्हायचा नि दुपारचा आमच्या ओटीवर पेज प्यायचा. हसरा मानूस. नातवाला त्याची लाज वाटली, म्हनून तू त्याला दुसऱ्याच्या अंगावर बसवलास. नि आमच्यांचं मुंडकं काडलंस. एका चित्रात दोन मानसं मारलीस तू. तेवडी हरेशला बी जमली नसती.

"फोटो परत पाठव. माफी मागायला येऊ नको. आलास तर दार लावीन. डोकं टेकायला तुला देवी हाय, माझा उंबरा नको."

एवढंच त्यांनी सांगितलं.

काका, आता माझं लिहिते. सासूबाई धड जेवत नाहीत. येत्या अक्षय्य तृतीयेला चित्राखाली पितळेची पाटी लावणार आहेत, "पिढीजात मानकरी घराणे" अशी. पाटी ह्यांनीच करून आणली. त्या दिवशी सासूबाईंना तिथे घेऊन यायला मला सांगितलंय. त्यांनी सगळ्यांसमोर रामूशेठांना हार घालायचा, म्हणजे दोन्ही घरांत काही वाद नाही असा फोटो निघेल. त्या नाही म्हणाल्या, तर हे म्हणाले, "नोकरी गेली तर तुझ्या रांगोळीवर जेवायचं का आम्ही?" त्यावर त्या उठून आत गेल्या. त्या जातील असं वाटतं.

मी हे कळवलं ते ह्यांना सांगू नका.

स्वप्ना

---

उमेळे,
३० एप्रिल २०२५

हरेशदादा,

हे पत्र तुला मिळेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल. तरी माझ्या हातचं लिहिलेलं तुझ्याकडे असावं, म्हणून लिहितो. सोबत कोठाराची किल्ली आहे. माझे रंग, चित्र टेकवायची घोडी, कॅनव्हास मी कालच घरच्या पडवीत नेले. कोठार झाडून ठेवलंय.

काकीचा फोटो मी दोन आठवड्यांपूर्वीच स्वप्नाच्या हाती पोचवला. उंबऱ्यापर्यंत गेलो नाही.

आज सकाळी देवीला दिवा लावला आणि मंडपात गेलो. तू पाहुण्यांना आणायला गेला होतास. टॉवरमधल्या बायका खांबांना झेंडूच्या माळा बांधत होत्या. संकेत ड्रिल घेऊन पाटीसाठी भोकं पाडत होता. काकीला स्वप्नाने समोर खुर्चीवर आणून बसवलं होतं. तिच्या मांडीवर हार होता, घालायचा.

मी स्टूल ओढलं. संकेत आडवा आला. "काका, चित्राला हात लावू नका. दादांनी सांगितलंय."

"माझं थोडं काम राहिलंय त्यावर."

"तुमचं कसलं काम? ऐंशी वर्षांचं चित्र आहे हे." हे तो बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, म्हणून मलाही ऐकू आलं.

मी म्हणालो, "संकेत, तुझ्या बापाचा हात आहे तो. स्टूल धर."

त्याने धरलं नाही. बाजूलाही झाला नाही. मग एक बाई आली, माळ दातात धरून. "रुको अंकल, मैं पकड़ती हूँ, गिर जाओगे." तिने धरलं. मी वर चढलो. ती खालून म्हणाली, "रिपेअर करते हो क्या?"

"नाही. मीच काढलंय."

"आपने? कब?"

"गेल्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत."

ती हसली. मला वाटतं, तिला होडी आठवली असावी. मग तिने माझ्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि हसायची थांबली. मागे वळून दुसऱ्या बायकांना काहीतरी म्हणाली. त्या जवळ आल्या.

मास्तर सांगायचे, दिवाणखान्यातल्या चित्रावर आपलं नाव घालू नये. नाव दिसलं की हे कुणीतरी बसून रंगवलंय, हे लोकांच्या ध्यानात येतं आणि मग ते मान झुकवायच्या ऐवजी विचारायला लागतात. मी जन्मभर हे पाळलं. आज मोडलं.

माझं लिहून झालं. स्वप्नाने ते सासूला वाचून दाखवलं. काकीने ऐकून घेतलं. मांडीवरचा हार खुर्चीवर ठेवला, सुनेचा हात धरून उठली आणि चालू लागली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी तशी आशाही केली नव्हती. संकेत पाटी हातात घेऊन तसाच उभा होता. आईच्या मागे जावं की तुझी वाट पाहावी, हे त्याला ठरवता येत नव्हतं. मी खाली उतरलो तेव्हाही तो तिथेच होता.

मला हलकं वाटत नाही. पालखी तिच्या दारावरून गेली ती गेली. तुझ्या आजोबांचं हसणं मी पुसलं, तेही आता मला परत काढता येणार नाही. पण पुढच्या चैत्रात पुन्हा कुणी बोट वर करून चित्राकडे दाखवलं, तर त्याला खाली लिहिलेलंही वाचावं लागेल. तुला ते पुसता येईल. पुसलंस तर सगळ्यांना दिसेल की इथे काहीतरी होतं. चित्र उतरवता येईल. ते तू करणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

खुर्चीच्या पायापाशी, अंधारात, पांढऱ्या रंगाने, दारातून वाचता येईल एवढ्या अक्षरांत मी लिहिलंय:

तोंड रामूचं, मिठागरावर राबलेल्याचं. अंग आणि हात नथूचे, पालखीच्या मानकऱ्याचे. दोघांना न विचारता काढणारा कृष्णा, उमेळे. जानेवारी २०२५.